उष्णतेची लाट आणि माझा पुढचा दात

४ एप्रिल
रेडिओवर आज पुन्हा उष्णतेची लाट वाचली. मुख्य बातम्या वाचणारे निवृत्त होताहेत. चाचणी पुढच्या महिन्यात. जागा माझीच! किती वर्षं नुसतं हवामान वाचायचं? अडचण एकच. उकाड्याने तोंडाला कोरड पडते.

९ एप्रिल
उपाय सापडला. पेपरमिंटची गोळी गालात ठेवायची. पाणी बंद. लाइव्ह असताना मध्येच उठावं लागलं तर पंचाईत. श्रोत्यांना मात्र भरपूर पाणी प्या असं कळकळीने सांगितलं.

१७ एप्रिल, दुपार
स्टुडिओचा एसी बंद. गोळीच्या जोडीला थंड सरबत. बायको म्हणाली, दात किडतील. म्हटलं, माझे दात वडिलांवर गेलेत. ती म्हणाली, त्यांना कवळी होती. हिला प्रत्येक गोष्टीत खोड काढायची सवय.

२५ एप्रिल
पुढचा दात ठणकतोय. डेंटिस्टबाई म्हणाल्या, उन्हाळे वाढताहेत तसे असे पेशंट वाढताहेत. अंगात पाणी कमी, की लाळ आटते. दातांची राखण लाळच करते. त्यात साखर म्हणजे किडीला मोकळं रान. म्हटलं, म्हणजे दोष हवामानाचाच! बाईंनी कपाळाला हात लावला. तात्पुरती कॅप बसवली. कडक काही चावू नका म्हणाल्या. चघळू नका असं म्हणाल्या नाहीत.

६ मे, सकाळ
आज चाचणी, तीही लाइव्ह. आमच्या प्रमुखांची तशी पद्धतच आहे. पेपरमिंट कडक, म्हणून मऊ टॉफी घेतली. चिकट असते, जास्त टिकेल. काय डोकं चालतं माझं!

६ मे, संध्याकाळ
पहिली बातमी झकास. दुसरीत टॉफीसकट कॅप बाहेर, थेट माइकवर. मैदान सोडलं नाही. उरलेल्या बातम्या दाताच्या फटीतून येणाऱ्या शिट्टीसकट वाचल्या. साउंडवाली टेबलाखाली बसून हसत होती. जागा गेली. फार वाईट वाटलं. बायकोने पाण्याचा ग्लास पुढे केला. दोन ग्लास प्यायलो.

९ मे
गुणांची कदर झाली! त्या बातम्या ऐकून पोरं खूश, आयांचे फोनवर फोन. मुलांच्या कार्यक्रमात मला रोजचं काम मिळालं. बोळक्या तोंडाच्या आजोबांचं. मी बेचाळीसचा आहे, पण कलावंताला वय नसतं. प्रमुखांची अट एकच, कॅप पुन्हा बसवायची नाही. शेजारचा दातही हलतोय, असं त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं. म्हणाले, उत्तम.