गाठींची बाजू

प्रिय टोर्गेयर,

मागच्या पत्रातली एक गोष्ट आधी दुरुस्त करते. उत्तरेच्या भिंतीवर मारित ओल अडवणारी काळी प्लास्टिकची शीट उलटी लावत होती आणि मी ती सरळ करायला लावली, असं मी लिहिलं होतं. घडलं ते याच्या उलट. तुझी बायको बरोबर लावत होती. मी ती उलटी करायला लावली.

तुम्ही बाळाला घेऊन खालच्या खोल्यांत राहणार म्हटल्यावर पप्पांनी घराचा पाया चारी बाजूंनी उकरून घेतला. बर्फ वितळलं की त्या भिंतींना किती ओल येते, तुला ठाऊकच आहे. पप्पांना आता खालचं नीट दिसत नाही, म्हणून ते वर खुर्ची टाकून बसले आणि चरात आम्ही दोघी उतरलो. मला वाटलं होतं, हे काम माझं. शाळेत जायच्या आधी मी मोजायला शिकले, ते पप्पांबरोबर याच भिंतीला टेप लावून. आणि पप्पा मारितला म्हणाले, "पोरी, तुझा हात स्थिर आहे, उत्तरेची भिंत तू घे." मला म्हणाले, "इन्गुन, तू तिला खिळे दे." खिळे दे! सव्वीस वर्षांची मी. मला ते "पोरी" आजही खुपतं.

पप्पा कॉफी ठेवायला आत गेले. मारितनं शीटची गाठींची, म्हणजे उठलेल्या फुगवट्यांची, बाजू भिंतीकडे धरली होती. मी म्हणाले, "आमच्याकडे गाठी बाहेर ठेवतात, माती घट्ट धरते." मला खात्री नव्हती, पण बोलले मात्र खात्रीनं. ती हसली, "बरं झालं बाई तू आहेस!" आणि तिनं शीट फिरवली. दुपारी शीटच्या गुंडाळीतला सूचनांचा कागद वाचला. गाठी भिंतीकडेच हव्यात. मग मधे फट राहते, भिंत सुकते आणि पाणी खालच्या पाइपात उतरतं. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचा ओड्वार ओरडला, "काय गं इन्गुन, वहिनीनं तुझी नोकरी घेतली वाटतं!" पप्पा खदखदून हसले, आणि तपकिरी चीजचा जाड काप मारितच्या वाफलवर ठेवला. मी कागद खिशात घातला.

माझं ते पत्र वाचून तू फोनवर तिला चिडवलंस, "इन्गुन नसती तर आपलं बाळ ओलीत झोपलं असतं." तिला वाटलं, आपण खरंच शीट चुकीची लावत होतो आणि मी वेळेवर सांगितलं. फोन ठेवून ती माझ्या गळ्यात पडली. मला तिथं उभं राहवेना. तिचा हेवा अजून गेलेला नाही, तेही लपवत नाही.

अठरा तारखेला, शनिवारी, ओड्वार यंत्र आणून चर बुजवणार आहे. मग ती भिंत पुढची तीस वर्षं कुणाला दिसणार नाही. फोनवर तू हे हसून सोडून दिलं असतंस, म्हणून लिहितेय; तुला कळलं की मला माघार घेता येणार नाही. सतरा मेला, राष्ट्रदिनी, सगळं गाव नटून मिरवणुकीत असेल, त्या दिवशी कुणी फावडं धरत नाही. म्हणून मारितला आणि पप्पांना समोर बसवून सगळं सांगायचं आणि अख्खी उत्तरेची शीट माझ्या हातांनी उतरवायची, ते त्याच्या आदल्या दिवशी: गुरुवारी, सोळा मेला, सकाळी.

तुझीच,
इन्गुन