वळून न पाहिल्याबद्दल

चि. धाकटीस, आशीर्वाद.

ही पाचवी प्रत. चौथीत ‘दुःख’ हा शब्द दोनदा आला, म्हणून फाडली.

तू माझ्याशी भांडून घर सोडलेस, त्या सकाळी तुझी बॅग फाटकाबाहेर ठेवून मी आत परतत होतो. मागून तू ओरडलीस, “बाबा, एकदा वळून तरी बघा!” मी तसाच चालत राहिलो. “दगड आहेत गं ते, आई,” हेही ऐकले.

माझ्या मानेने महिनाभर आधीच वळणे सोडले होते. मागे पाहायचे तर कपाटासारखे सबंध अंगाने फिरावे लागे. शेजारी बघत होते. मला ते शोभले नसते.

डॉक्टर नंतर म्हणाले, “सर, कोपरांवरच्या सोरायसिसचाच संधिवात मणक्यांत उतरलाय. कातडीचं दुखणं कातडीपुरतंच, हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

कुणीच नाही. मीच ठरवले होते. तुझ्याविषयीही बरेच काही असेच ठरवले.

याला तीन वर्षे झाली. हे वाचून तू माझी कीव करशील, म्हणून ही प्रत खणातच राहील. खुर्ची मात्र मी फाटकाकडे तोंड करून ठेवली आहे. तू आलीस, तर मला वळावे लागणार नाही.

तुझे,
बाबा