गुलाल पुसलेला आरसा

आबा, त्या रविवारी सकाळी मी गाडी धुतली, बॉनेटला झेंडूचा हार घातला आणि तुमच्या सुनेला शेजारी बसवून जोतिबाच्या डोंगरावर गेलो. गाडी आधी देवाला दाखवायची, मग रस्त्याला लावायची, हे तुम्हीच घालून दिलेलं. नारळ फोडला, चाकांखाली लिंबं चिरडली, ‘चांगभलं’ म्हणून मुठीनं गुलाल उधळला. वारा उलटा होता. गुलाल बॉनेटवर कमी आणि डाव्या बाजूला जास्त बसला. डावा आरसा तर पुरता गुलाबी झाला. ती पदरानं पुसायला गेली तेव्हा मीच तिला अडवलं. देवाचा गुलाल पुसायचा नाही, वाऱ्यापावसानं जाईल तेव्हा जाऊ द्यायचा, हेही तुमचंच.

ही गाडी कशासाठी, ते सांगितलं तर तुम्ही हसला असता. घर असून गाडीत राहायला निघालो होतो आम्ही. तुमच्या वडापच्या जीपमध्ये माझं निम्मं बालपण गेलं. मलकापुरात माणसं कोंबून भरायची, घाटाच्या तोंडाशी उतरवायची आणि तिथूनच मागं वळायचं. वळायच्या आधी तुम्ही जरा थांबायचा. इंजिन चालूच असायचं, आणि तुम्ही खाली कोकणात उतरणाऱ्या रस्त्याकडं बघत राहायचा. एकदा म्हणाला होतात, “ह्यो रस्ता फुडं कुठं कुठं जातोय, एकदा बगायला पायजे.” बघितलं नाहीत. रिकामी जीप पुढं न्यायची, हे तुम्हाला कधी सुचलंच नाही. लेक नोकरीला पुण्याला गेली, घर सुनं झालं, आणि फौंड्रीतून घरी येताना तुमचं ते वाक्य मला आठवू लागलं. तुमच्या सुनेला बर्फ बघायचा होता. मी म्हटलं, आपल्या गाडीनं हिमालयापर्यंत जाऊ, अंधार पडेल तिथं मुक्काम करू.

गाडी शोधण्यात बराच काळ गेला. शोरूममधल्या गाड्या देखण्या, पण त्यांचं सगळं शहाणपण वायरींमध्ये. डोंगरात एक तार सुटली की बसा दगडावर. मला अशी हवी होती की कुठल्याही गावातल्या मेस्त्रीला ती पान्यानं उघडता येईल, चारही चाकांना ओढ असेल, पोट जमिनीपासून उंच असेल आणि मागं दोन माणसं पाय ताणून झोपतील. शेवटी एका कॉफीच्या मळ्यावर राबलेली लांब जीप मिळाली. तिच्याखाली पाठीवर निजून मी सांगाडा हातोडीनं ठोकत गेलो. धड लोखंड खणकन वाजतं, गंजलेलं बद्द वाजतं. मग चिखलात घालून पुढची चाकं खरंच ओढतात का ते पाहिलं. ओढत होती.

उद्यमनगरात ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या एकाकडं ती सोडली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पावणं, घर हाय न्हवं तुमास्नी?”

“हाय की.”

“मग गाडीत निजायचं कशापायी? वैनींनी भाईर काढलंय काय?”

दुकानातले सगळे हसले, मीही हसलो. त्यानं टपावर ट्रकला शोभेल असं लोखंडी कॅरियर बांधलं. “हत्ती बसला तरी वाकायचं न्हाई,” म्हणाला. मी म्हटलं, हत्ती न्यायचा नाही, वर ताडपत्री आणि जादाचं चाक न्यायचंय. टपावर वजन वाढलं की वळणावर गाडी कलते. तो रुसला, पण ते काढून ॲल्युमिनियमचं हलकं करून दिलं. मागची बाकं काढून प्लायवूडचा पलंग केला, त्याच्याखाली पाण्याची टाकी, दुसरी बॅटरी आणि बाहेर सरकणारी फळी, शेगडीसाठी. तुमची सून माप बघायला म्हणून सगळ्यांदेखत त्या पलंगावर आडवी झाली. “मी बसते मापात,” म्हणाली, “ह्यांचंच पाय भाईर जात्यात.” खिडक्यांना मच्छरदाणीचे पडदे तिनंच शिवले. इतकी मोकळी मी तिला पुष्कळ वर्षांनी पाहत होतो.

जोतिबाहून आल्यावर हात बसावा म्हणून आम्ही जवळपास फिरू लागलो. फाटकातून बाहेर काढताना डावं मडगार्ड खांबाला घासलं. मी म्हटलं, लांब गाडीची सवय नाही. गगनबावड्याच्या रस्त्यावर डावीकडून एक मोटरसायकलवाला अचानक बॉनेटसमोर उगवला आणि ओरडला, “डोळं घरात इसरून आलाय काय, पावणं?” मी म्हटलं, आरशावर गुलाल आहे. मग एके दिवशी शाळेला निघालेल्या एका मुलीची सायकल गटारात गेली. माझा धक्का लागला नव्हता. गाडी अंगावर येतेय हे बघून तिनंच सायकल सोडून उडी मारली. गुडघे फुटले होते. रडत म्हणाली, “काका, मी घंटी वाजवत हुते की.” घंटी मी ऐकली होती. मुलगी दिसली नव्हती.

घरी आल्यावर तुमच्या सुनेनं डावा आरसा ओल्या फडक्यानं लख्ख पुसला. या खेपेला मी अडवलं नाही. मग ती डाव्या दाराबाहेर जाऊन उभी राहिली. “आता सरळ समोर बगा. मान वळवू नका. मी हात हालवाय लागलेय. दिसतोय?”

तिच्या बांगड्या वाजत होत्या. मला समोरची भिंत दिसत होती, भिंतीवरची कावळ्याची विष्ठा दिसत होती, आणि डावीकडं ती नव्हती. तिथं अंधार असता तरी मला कळलं असतं. अंधार नव्हता. सगळं नीट दिसतंय असंच वाटत होतं, फक्त त्यात माझी बायको नव्हती. ती हात हलवत पुढं सरकत राहिली आणि बॉनेटच्या जवळजवळ मध्यावर आली तेव्हा मला दिसली.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत काचबिंदू सांगितला. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंब घालून टिकवायचं, आणि गाडी आजपासून बंद. ते फार सरळ बोलले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. शेवटी त्यांनी विचारलं, “हा आजार घराण्यातून येतो. वडिलांना होता का?” मी नाही म्हणालो. जिना उतरताना मधेच माझे पाय थांबले, आणि ती मागून म्हणाली, “काय झालं?”

आबा, मला बांबूंनी भरलेली ती बैलगाडी आठवली. मी तेव्हा नुकताच शहरात फौंड्रीत लागलो होतो, निरोप आला म्हणून धावत गावी आलो. रस्त्याच्या डाव्या कडेला बैलगाडी उभी होती, बांबूंची टोकं रस्त्यावर आलेली, ऐन दुपार, लख्ख ऊन. तुमच्या जीपच्या डाव्या पायरीवर वरच्या वाडीतला एक तरुण माणूस लटकला होता. तुम्ही जीप त्या टोकांना खेटून नेलीत आणि तो जागच्या जागी गेला. सगळं गाव म्हणालं, दारू पिऊन लटकला, मस्ती नडली. पोलीसही तेच म्हणाले. तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. त्याच्या घरच्यांच्या दारात जाऊन मान खाली घालून बसलात, आणि लोकांनी तुम्हाला देवमाणूस ठरवलं. त्यानंतर तुम्ही स्टेअरिंगला हात लावला नाहीत. धक्का बसला, असं आई सांगायची. पण त्याच्या कितीतरी आधी तुम्ही जीपचा डावा आरसा काढून टाकला होता. पॅसेंजरच्या खांद्यानं सारखा वाकतो, काय उपयोग त्याचा, म्हणाला होतात. नंतर नंतर ताट वाढलं की डाव्या हाताचा तांब्या तुम्ही चाचपडत शोधायचा, आणि आम्हाला ते वय वाटायचं.

गाडी ताडपत्रीखाली गेली. मी सकाळी देवपूजेला बसायचो तेव्हा देवघराच्या वर तुमचा फोटो. हात जोडले की नजर तिकडं जायची आणि मंत्र विसरायचा. त्या माणसाच्या घरी जाऊन हे सांगायचंय, असं तुमच्या सुनेला म्हटलं तेव्हा ती म्हणाली, “मेलेल्या मानसाचं नाव घालवून कुणाचं भलं हुणार हाय?” मी म्हटलं, मेलेली माणसं दोन आहेत. काही दिवसांनी तिनंच तिच्या भावाला बोलावून घेतलं. “ह्यांनी पाण्याची टाकी भरलीय, पलंग केलाय. लांब नसंल जायचं तर शाहूवाडीत, त्या वरच्या वाडीला तरी जाऊ,” म्हणाली. मेव्हणा चालवायला बसला. मी डावीकडं बसलो, पॅसेंजरच्या जागी.

वाडी चढणीला आहे. शेवटची वाट दगडांची, तिथं मेव्हण्यानं चारही चाकांची ओढ जोडली आणि गाडी एकदाही न घसरता दारापर्यंत गेली. त्या माणसाची बायको आता म्हातारी झालीय. अंगणात वाळत घातलेल्या भातावरच्या कोंबड्या हाकत बसली होती. मला बघून म्हणाली, “डायवरचा न्हवं तू?”

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि माझ्या डोळ्यांचं सांगितलं, मग तुमच्या. संपल्यावर म्हणाली, “माजा मानूस प्यायचा. कवातरी. त्या दिशी न्हवता प्याला. आत जागा न्हवती म्हनून लटाकला. मी सांगत हुते, कोन ऐकत न्हवतं.” मग गोठ्याकडं बघून तिनं मुलाला हाक मारली. चाळिशीचा माणूस, हात शेणाचे, तसाच येऊन उभा राहिला. “ह्येला बेवड्याचा म्हनून शाळंत हाका मारायची पोरं,” ती मला म्हणाली. “त्येच्याम्होरं परत सांग.”

मी परत सांगितलं. तो खाली वाळणाऱ्या भाताकडं बघत ऐकत होता. म्हातारीनं विचारलं, “तुज्या बाला ठावं हुतं का? दिसत न्हाई त्ये?”

मेव्हणा गाडीपाशी जाऊन उभा राहिला. तुमची सून माझ्याकडं बघत होती.

“व्हय,” मी म्हणालो.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच आहे. पण एवढं तुम्हाला सांगायला हवं, आबा. व्हय म्हणताना मला खात्री नव्हती, आजही नाही. आरसा खरंच खांद्यानं वाकत असेल. पण मी न्हाई म्हणालो असतो तर त्या अंगणातून पुन्हा तुम्हीच देवमाणूस होऊन उठला असता. म्हणून मी व्हय म्हणालो.