ठणठणीत गुडघा

रविवार, ४ ऑगस्ट

प्रिय ढब्ब्या,
स. न. वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. एका पानात अकरा चुका निघाल्या. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, पण तुझ्याइतकं अशुद्ध लिहिणारा लेखक काही माझ्या नशिबी आला नाही.

या आठवड्यात माझे बासष्ट किलोमीटर झाले. तू लेथवर बनवून पाठवलेला मीटर पुढच्या चाकाशी अजून इमानाने टकटकतो. तुझे अठरा धरून एकूण दोन हजार सातशे ऐंशी. उरले दोनशे वीस. जानेवारीत तू ही टूम काढलीस तेव्हा मला वाटलं, म्हातारा चळला. दोघांनी आपापल्या गावी सायकल हाणायची, दर रविवारी आकडा कळवायचा, एकाचा कमी पडला तर दुसऱ्याने भरून काढायचा आणि दोघांचे मिळून तीन हजार होईपर्यंत एकमेकांना तोंड दाखवायचं नाही. सहा वर्षांत भेट नाही आणि वर ही अट! पण ही गेल्यावर वर्षभर मी खिडकीपाशी खुर्चीत बसून होतो. तुझ्या टुमेमुळे उठलो, हे एकदा लिहून टाकतो. पुन्हा लिहिणार नाही.

गुडघ्याचं काय? शेकतोस की नुसता कण्हतोस? तुझा आकडा दर आठवड्याला घसरतोय. काळजी करू नकोस, मी भर घालतो. माझं म्हणशील तर पुलाच्या चढावर हल्ली मध्येच उतरतो आणि कठड्याला टेकून थोडा उभा राहतो. कुणी विचारलं तर नदी बघतोय म्हणून सांगतो.

वहिनींना नमस्कार. लोभ आहे तेवढाच ठेव. वाढवलास तर पत्रं लांबतील, आणि चुकाही.

तुझा,
काडी

*

रविवार, ११ ऑगस्ट

प्रिय काडी,
नमस्कार घे आणि गप्प बस.

माझे या आठवड्यात फक्त नऊ. हसू नकोस. गुडघा असा सुजलाय की विजार चढत नाही. पस्तीस वर्षं मशीन शॉपमध्ये उभा राहून काढली, त्याचं व्याज आता हा गुडघा वसूल करतोय. बायको म्हणते सायकल विकून टाका. मी म्हटलं, तिकडे तो काडी माझ्या जिवावर चालतोय, त्याचं कसं व्हायचं?

तेव्हा महाराज, उठा! माझी तूट तुम्हाला भरायची आहे. म्हातारपणी दगदग करू नकोस, जपून राहा, असलं काही मी लिहिणार नाही. ते लिहायला तुझे बाकीचे नातेवाईक आहेत. मला पुढच्या रविवारी सत्तर दिसले पाहिजेत. नाही तर तुझ्या नावाने तिकडे ऐकू जाईल अशी बोंब मारीन.

राग आला तर लोभात धर.

तुझा,
ढब्बू

*

रविवार, ११ ऑगस्ट

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

हे पत्र मुद्दाम तुझ्या औषधाच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकतोय, कारण घरी गेलं तर तुझ्या सासऱ्यांच्या तावडीत सापडेल. पोरी, तू मागच्या वर्षी लिहिलं होतंस की सासूबाई गेल्यापासून मामंजी खुर्चीतून हलत नाहीत, बोलत नाहीत, काका, तुम्ही काहीतरी करा. तर मी जे केलं ते तुला आज सांगून टाकतो. पोटात मावत नाही.

माझा गुडघा ठणठणीत आहे. या आठवड्यात माझे खरे चव्वेचाळीस झाले, त्याला नऊ कळवले. मार्चपासून हेच चाललंय. मी कमी लिहिलं की तो भर घालायला बाहेर पडतो. दुसऱ्यासाठी करायचं म्हटलं की त्याच्या अंगात बारा हत्तींचं बळ येतं, हे मला शाळेपासून माहीत आहे. चोरलेले किलोमीटर मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत. भेटलो की दाखवीन आणि त्याच्या शिव्या खाईन.

आता तब्येत सुधारली असेल, गालावर लाली आली असेल ना? सविस्तर कळव. चिरंजीव बोटीवरून कधी परततात तेही लिही. घरातल्या सगळ्यांवर आमची माया आहेच.

तुझे,
काका

*

शनिवार, १७ ऑगस्ट

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दुकानात उभ्याने वाचलं. काका, हे तुम्ही काय केलंत! रागावून लिहीत नाही. मीही तेवढीच दोषी आहे.

मामंजींच्या हृदयाची झडप अरुंद झाली आहे. मे महिन्यातच डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करा, आणि तोवर सायकलला हातसुद्धा लावू नका. त्यांनी ते घरात कुणाला सांगितलं नाही. माझ्या दुर्दैवाने म्हणा किंवा सुदैवाने, दुसऱ्या दुकानात गोळ्या मिळाल्या नाहीत म्हणून त्यांची चिठ्ठी एका शेजाऱ्याबरोबर माझ्याच काउंटरवर आली. नाव वाचलं तेव्हा मला घाम फुटला. घरी येऊन विचारलं, तर मुलाला आणि काकांना कळवणार नाहीस अशी शपथ घातली. मी ती पाळली. आज मोडते आहे.

मी सायकल सोडा म्हटलं की ते म्हणतात, ढब्ब्याचा गुडघा गेलाय, आता मी बसलो तर तीन हजार कसे व्हायचे? परतल्यावर त्यांचा चेहरा राखेसारखा असतो. अर्धा तास जिन्याच्या पायरीवर बसतात आणि मग वर येतात. तुमचं नऊवालं पत्र आल्यापासून तर त्यांनी ठरवलंच आहे की येत्या पंचवीस तारखेला, रविवारी, धरणापर्यंत जाऊन यायचं. जाऊन-येऊन एका दमात बावन्न किलोमीटर, त्यात जाताना शेवटचे सहा चढाचे. चाकांना तेल घालून झालंय.

माझं ते ऐकणार नाहीत. तुमचं ऐकतील. काका, काही करा, पण लवकर करा.

तुमची,
सूनबाई

*

तार, बुधवार, २१ ऑगस्ट

रविवारी जाऊ नकोस. गुडघा ठणठणीत. आकडे खोटे लिहिले. पत्र येत आहे. ढब्बू.

*

बुधवार, २१ ऑगस्ट

प्रिय काडी,

तार मिळाली असेल. आता हे नीट वाच. मी मार्चपासून तुला खोटे आकडे कळवतोय. गुडघ्याला काहीही झालेलं नाही. तू घराबाहेर पडावंस म्हणून मी माझे किलोमीटर लपवले, एकूण चारशे बारा. ते धरले तर २८ जुलैलाच आपले तीन हजार ओलांडले होते. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण संपलं म्हटलं की तू पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसशील, या भीतीने पुढे रेटलं.

तुझ्या झडपेचं मला कळलंय. सूनबाईवर रागावू नकोस, तिने रडून लिहिलं. करायला गेलो एक आणि होऊन बसलं भलतंच. आता एक पायडलही मारायचं नाही. काही उरलेलं नाही रे, सगळं कधीच झालंय.

वहीचं मागचं पान फाडून सोबत जोडलंय. माफ करशील की नाही ते नंतर बघ. आधी थांब.

तुझा,
ढब्बू

*

शनिवार, २४ ऑगस्ट

प्रिय ढब्ब्या,
स. न. वि. वि.

तार काल मिळाली. पत्र अजून नाही, आणि आलं तरी त्यात काय असेल ते मला ठाऊक आहे. सूनबाईने तोंड उघडलं एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे तू आता माझा जीव वाचवायला निघालास आणि रात्रीत गुडघा बरा झाला! अरे, इतके महिने सुजलेला गुडघा तारेने बरा होत असता तर दवाखाने ओस पडले असते. दुसऱ्यांच्या चुका पकडून मी पेन्शन मिळवली आहे. मला बनवायला निघालास?

खोटं बोलतोस याचा राग नाही. मैत्रीपोटी बोलतोयस. पण एक सांगतो, मग भांडायला मोकळा आहेस. मे महिन्यात मी तुला का कळवलं नाही? ही गेली तेव्हापासून सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. मुलगा, शेजारी, छापखान्यातले जुने सोबती. काचेचं भांडं उचलावं तसं मला उचलतात आणि ठेवतात. खेकसणारा तू एकटा उरला होतास. झडपेचं कळलं असतं की तूही मऊ झाला असतास, प्रकृतीस जपावे असं लिहिलं असतंस. आज झालासच की. तारेत एकही शिवी नाही.

तेव्हा उद्या सहाला निघतो. बावन्न झाले की उरतील थोडेच. तुला भेटायचंय रे, आणि माझ्याजवळ वेळ किती आहे ते डॉक्टरही सांगत नाहीत. अट तुझीच आहे. मी ती मोडणार नाही.

वहिनींना नमस्कार सांग. माझ्यावर लोभ होता हे मला माहीत आहे.

तुझा,
काडी

*

मंगळवार, २७ ऑगस्ट

ती. काकांस,
शि. सा. न.

आधी हे सांगते की ते आहेत.

रविवारी पहाटे मी दाराशी आडवी उभी राहिले. तुम्ही मला लिहिलेलं पत्र पुढे धरलं, तर हेही तुम्ही दोघांनी मिळून रचलंय म्हणून त्यांनी ते वाचलंच नाही. त्यांनी मला हाताने बाजूला केलं नाही. फक्त म्हणाले, सूनबाई, तू बाजूला झालीस तर बरं, नाही तर मला आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यावर आवाज चढवावा लागेल. मी बाजूला झाले, काका. ते मला जन्मभर खाईल. शेजाऱ्याची मोटार मागून आणेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. चढ सुरू होतो तिथे, विसाव्या किलोमीटरच्या दगडाला टेकून ते बसले होते. ओठ निळे. एक दूधवाला गाडी थांबवून त्यांच्या तोंडावर पाणी मारत होता. सायकल मात्र त्यांनी स्टँडवर नीट लावली होती.

रविवारी टपाल वाटत नाहीत. तुमचं पत्र सोमवारी आलं. दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून त्यांना वाचून दाखवलं. वहीचं पानही हातात दिलं. त्यांनी ते पुन्हा पुन्हा पाहिलं, बोटाने एकेक आकडा मोजला, मग घडी घालून माझ्याकडे परत दिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तेव्हापासून शब्द नाही.

डॉक्टर म्हणतात, पुढच्या आठवड्यात गुरुवारी, पाच तारखेला ऑपरेशन झालंच पाहिजे, पुढे ढकलण्यात अर्थ नाही. पण संमतीच्या कागदावर मामंजी सही करत नाहीत. कागद पुढे केला की डोळे मिटतात. ह्यांना बोटीवर निरोप धाडलाय, ते पोचायला दहा दिवस लागतील. तुम्ही धावत याल म्हणून आधीच कळवते, डॉक्टरांनी भेटी बंद केल्यात. आम्ही सगळे जपून, हळू बोलतो. काही उपयोग होत नाही.

मला काय करावं ते सुचत नाही. तुम्हाला सुचलं तर लिहा.

तुमची,
सूनबाई

*

शनिवार, ३१ ऑगस्ट

गाढवा,

नमस्कार नाही, विनंती नाही, विशेष काही नाही. तुझं पत्र आणि सूनबाईचं पत्र, दोन्ही माझ्यासमोर आहेत आणि माझं डोकं फिरलंय.

अरे बैला, लोकांचे स्वल्पविराम सुधारता सुधारता तुझे केस पिकले आणि स्वतःच्या छातीतली एवढी मोठी चूक तुला दिसली नाही? दिसली! दिसली आणि झाकून ठेवलीस! मी खोटारडा, मान्य. माझ्यासारखा मूर्ख दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही, तेही मान्य. पण मी खोटं लिहिलं ते तू जगावंस म्हणून. तू लपवलंस ते कशासाठी? मी ओरडायचा थांबेन म्हणून? घे मग! ओरडतोय! शेजारीण खिडकीतून बघतेय, कारण मी हे लिहितानाही ओरडतोय!

आणि आता सही करत नाहीस म्हणे. रुसलास का रे? भिंतीकडे तोंड करून? ती भिंत तुझी कोण लागते? रुसायचं असेल तर माझ्याशी रुस, माझ्यासमोर रुस, मला बदडून काढ. पण त्याआधी ती झडप दुरुस्त करून घे. गंजलेला व्हॉल्व्ह बदलायला मी कधी कुठल्या यंत्राची परवानगी मागितली नव्हती. तू यंत्रापेक्षा शहाणा असशील असं वाटलं होतं.

काडी, मी घाबरलोय. माझ्या हाताने मी तुला त्या चढावर पाठवलं, हे डोक्यातून जात नाही. तू गेलास तर मी या वयात कुणावर ओरडू?

सही कर. मुकाट्याने. तीन हजार झालेत, तोंड दाखवायला मी मोकळा आहे. डॉक्टरांनी हो म्हटलं की पहिल्या गाडीने येतो आणि खाटेपाशी उभा राहून याच्या दुप्पट बोलतो. आणि त्याआधी मेलास तर याद राख, जन्मात तुझ्याशी बोलणार नाही.

लोभ गेला खड्ड्यात.

ढब्बू

*

शुक्रवार, ६ सप्टेंबर

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र बुधवारी आलं. मी ते फोडलं आणि पहिल्याच शब्दाला अडखळले. सुनेने सासऱ्याला तसं कसं म्हणायचं? म्हणून आधी असले शब्द मनातल्या मनात गाळत हळू आवाजात वाचायला सुरुवात केली. तर चार वाक्यं झाल्यावर, नऊ दिवसांत पहिल्यांदा, मामंजींनी मान वळवली आणि म्हणाले, मधलं काहीतरी खाल्लंस. पहिल्यापासून वाच. आणि मोठ्याने.

मग काय करते! वॉर्डात अकरा खाटा. मी उभी राहिले आणि ओरडून वाचलं. मामंजींना गाढवा म्हटलं, बैला म्हटलं. माझे कान तापले होते. नर्स धावत आली, समोरच्या खाटेवरच्या आजोबांनी तिला थांबवलं आणि वाचू द्या म्हणून सांगितलं. तुम्ही घाबरलोय लिहिलंत तिथे माझा आवाज फुटला. मामंजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. इतके हसले की मला भीती वाटली. मग त्यांनी हात पुढे केला. मी रुमाल दिला, तो त्यांनी बाजूला टाकला. त्यांना पेन हवं होतं.

काल ऑपरेशन झालं. साडेपाच तास लागले. झडप बदलली. डॉक्टर म्हणतात, पुढचे दोन दिवस जपायचे, पण हृदय नीट चालू लागलंय. तुम्हाला बुधवारनंतर भेटायची परवानगी आहे. गाडी कोणती ते कळवा, मी न्यायला येईन.

आज सकाळी शुद्धीवर आल्यावर त्यांचे ओठ हलले. पाणी मागत असतील असं वाटून मी कान जवळ नेला. पाणी नको होतं. म्हणाले, ढब्ब्याचं पत्र आण, आणि गाढवापासून वाच.

आमच्यावर अशीच आरडाओरड असू द्यावी.

तुमची,
सूनबाई