अंग धरलंय हो

१२ जानेवारी
सूनबाईचा गाऊन पुन्हा उसवला. पोटाकडून मोकळा करायचा होता, पण खालूनही दोन बोटं आखूड झालाय. लग्नात मीच शिवला होता, माप चुकणं शक्य नाही. म्हणजे पोरगी अजून उंच होतेय! पोटात सातवा महिना आणि हिची स्वतःचीच वाढ संपलेली नाही. सोळा वर्षांची. आमचा दिवटा एकोणीसचा. लग्नाची घाई विहीणबाईंची — चांगलं स्थळ हातचं जाऊ नये म्हणे. चांगलं स्थळ म्हणजे दोन खोल्या आणि एक शिलाई मशीन. मीही हो म्हटलं. घरात कामाला दोन हात वाढतील, एवढाच विचार.

१९ जानेवारी
दिवसभर पडदे शिवले. कंबर धरली. बाकी काही नाही.

२७ जानेवारी
विहीणबाई येऊन गेल्या. लेकीला बघून खूश. "तुमच्याकडे अंग धरलंय हो हिने!" मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. एरवी सासूचं कौतुक कोण करतं? चेहरा गोल झालाय खरा.
डोकं दुखतं म्हणत होती. म्हटलं, तो मोबाईल ठेव जरा बाजूला.

२ फेब्रुवारी
आज बाही मनगटात अडकली. परवाच सैल केली होती. जन्मभर बायांचे कपडे शिवतेय — दिवस गेले की पोट वाढतं, छाती वाढते, मनगट नाही वाढत. पायावर अंगठा दाबून पाहिला. खड्डा पडला तो पडलाच.
"आई, मला सगळं धूसर दिसतंय," म्हणाली. जशी काही भाजीत मीठ कमी पडलंय.
शिवण तशीच टाकून दवाखाना गाठला. नर्सने वय विचारलं. दिवटा म्हणतो, "अठरा पूर्ण." मी म्हटलं, "सोळा." डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "ही सूज आहे. रक्तदाब फार वाढलाय. इतक्या कोवळ्या वयात, त्यात पहिली खेप — धोका जास्तच असतो. दोघांच्याही जिवाला. तपासणीला का नाही आणलंत?"
वय कळेल म्हणून नाही आणलं.

३ फेब्रुवारी
सकाळी तिला झटके आले. लगेच पोट कापून बाळ काढलं. मुलगी. माझ्या मोठ्या कात्रीहून थोडी लांब, बस. काचेच्या पेटीत ठेवलीय. फुप्फुसं कच्ची आहेत, धड श्वास घेता येत नाही. आम्ही सगळे त्या पेटीपाशीच.

५ फेब्रुवारी
सूनबाई शुद्धीवर आली. "आई, बाळ कुणासारखं आहे?"
म्हटलं, "तुझ्यासारखं. हट्टी." हसली. ओठ फुटलेत, तरी हसली. आता बाळाचीच काळजी.

६ फेब्रुवारी
दुपारी पुन्हा झटका. डोक्यात रक्तस्राव झाला म्हणाले.
गेली.

१५ फेब्रुवारी
मशीनवर बसवत नाही. लोक येतात, म्हणतात देवाची मर्जी. देवाला कशाला मध्ये घेता? लग्न आम्ही लावलं.

२० मार्च
बाळ घरी आणलं. अजून मूठभरच आहे. दूध ओढताना दमते, मध्येच झोपते, मग पुन्हा उठवून पाजायचं. दिवटा शिकतोय. मी फार थकलेय.

२८ मार्च
विहीणबाई धाकट्या लेकीला घेऊन आल्या. चौदाची. ती बाळाला मांडीवर घेऊन बसली. विहीणबाई म्हणाल्या, "मावशीइतकी माया कोण करणार? झालं ते झालं. हिचीही मापं घेऊन टाका, घरातल्या घरात उरकू."
म्हटलं, "बाळ आम्ही वाढवू." मग पोरीला उभं केलं आणि मापं घेतली. शाळेच्या गणवेशाची.