आपल्याच घड्याळाची चोरी

२ मार्च, सकाळी ६.१०
आजपासून. लॉ कॉलेजची प्रवेश परीक्षा १६ मे रोजी. पंचाहत्तर दिवस, रोज दहा तास, म्हणजे साडेसातशे तास. एवढ्यात माणूस कायदा शिकेलच काय, नवा लिहीलसुद्धा.
हा तिसरा प्रयत्न. पहिल्या वेळी पेपर काढणारे अडाणी होते, दुसऱ्या वेळी तपासणारे.
बाबांनी बत्तीस वर्षं कोर्टात टायपिस्ट म्हणून दुसऱ्यांचे युक्तिवाद टाइप केले. काल त्यांनी माझ्यासाठी काळा कोट शिवून आणला आणि खुंटीला लावला. बोलले काहीच नाहीत. मीच वीस मिनिटं बोललो.

७ मार्च
टाइमटेबल तयार. चार रंगांत. पाच दिवस लागले. अभ्यास उद्यापासून.

१९ मार्च, दुपारी
ताई आणि दाजी आले. दाजींचं नळफिटिंगचं दुकान आहे. म्हणाले, एकतीस वर्षांचा घोडा झालास, काउंटरवर विश्वासाचा माणूस हवाय, जूनअखेरपर्यंत जागा तुझ्यासाठी धरतो, पुढे नाही.
मी म्हटलं, दाजी, ज्या जिभेने अन्यायाला जाब विचारायचा, त्या जिभेने मी अर्धा इंच, पाऊण इंच म्हणू?
दाजी म्हणाले, म्हणायचं कशाला, मोजून द्यायचं.

२ एप्रिल
निःपक्षपातीपणे इतर करिअरचा विचार केला. प्राध्यापक: एकाच वर्गापुढे एवढं ज्ञान सांडणं म्हणजे नासाडी. संपादक: कोणाच्या तरी हाताखाली. राजकारण: तिथे ऐकूनही घ्यावं लागतं. नळ: नाही.
निष्कर्ष: वकिली. पूर्ण दिवस गेला, पण पाया पक्का झाला.

२४ एप्रिल
अभ्यासिकेत समोर एक मुलगी बसते. मी तिचं नाव ठेवलंय होयबा. काहीही सांगा, हो म्हणते आणि वहीत लिहून घेते. नाही म्हणायची ताकदच नाही, आणि निघालीय वकील व्हायला! कीव आली. तिला मालकी आणि ताबा यांतला फरक दीड तास समजावला. वस्तू तुमची असेल, पण ती आज ज्याच्या हाती आहे, त्याच्याकडून लबाडीने उचललीत तर तुम्ही चोर! टेबलावर मूठ आपटली. ग्रंथपालाने बाहेर काढलं. होयबा बाहेर येऊन उरलेलं लिहून घेऊ लागली.

१६ मे, संध्याकाळी
परीक्षा झाली. एक प्रश्न तर माझ्याच विषयावर! प्रश्न ४७: माणूस आपलं घड्याळ दुरुस्तीला देतो आणि घड्याळजीची पाठ वळताच मजुरी न देता गुपचूप घेऊन जातो. (ब) ही चोरी आहे. (क) ही चोरी नाही, स्वतःच्या वस्तूची चोरी होत नाही.
इतकं सोपं का विचारतील? काहीतरी डाव असणार. अकरा मिनिटं विचार केला. आधी ब. मग क. मग खोडरबर. शेवटी ठाम निर्णय घेतला.

८ जून, सकाळी ११
तात्पुरती यादी लागली. जागा साठ. माझा नंबर साठ! नव्वद मार्क. बाबांनी कोट खुंटीवरून काढला, झटकला, परत लावला. एकसष्टावी होयबा, एकोणनव्वद मार्क. बिचारी.

८ जून, दुपारी ४
साठावा? मी? यादीचं शेपूट? एका मार्काने मी बावन्नावा झालो असतो. कुठेतरी अन्याय झालाय.

९ जून
सापडला. कॉलेजने जाहीर केलेल्या उत्तरांत प्रश्न ४७ चं उत्तर चक्क (क) छापलंय! हरकतीला तीन दिवस मुदत आहे. लढणार.
ताई म्हणाली, अरे बाबा, आत आहेस ना, मग गप्प बस की जरा. दाजी म्हणाले, बंद झालेला नळ पुन्हा पिळू नये, आटे जातात. दुकानदारी दृष्टी.

१० जून
हरकत नऊ पानांची. मी येरझाऱ्या घालत सांगितली, बाबांनी टाइप केली. चौथ्या पानावर त्यांची बोटं थांबली. म्हणाले, तू काय लिहिलं होतंस? मी म्हटलं, बाबा, हा काय प्रश्न झाला? ते म्हणाले, उत्तरपत्रिकेचा फोटो साइटवर आहे, एकदा बघून घे. मी म्हटलं, ज्याला स्वतःचं मत फोटोत बघावं लागतं त्याने वकील होऊ नये.
बाबांनी उरलेली पाच पानं टाइप केली. बत्तीस वर्षांची सवय.

२१ जून, दुपारी
विजय! हरकत मान्य. उत्तर बदललं. सगळ्यांना फोन केले. दाजींना दोनदा.

२२ जून, सकाळी
अंतिम यादी. साठावी होयबा, नव्वद मार्क. एकसष्टावा मी. एकोणनव्वद.
टायपिंगची चूक असणार.

२२ जून, सकाळी ११.३०
फोटो पाहिला. (क) चा गोल. काळाभोर, काठोकाठ भरलेला. शेजारी (ब) वर खोडरबराचा पुसट डाग.
बाबा मागे उभे होते. मी फोटो बंद केला.

२३ जून
होयबा घरी आली. म्हणाली, तुम्ही दीड तास समजावलंत म्हणून मी ब लिहिलं, आणि तुम्ही भांडलात म्हणून ते बरोबर ठरलं, मी जन्मभर विसरणार नाही. ताई स्वयंपाकघरात निघून गेली, तिचे खांदे हलत होते. हसत होती की काय, कळलं नाही. बाबांनी होयबाला एकच विचारलं, कोट शिवलास का? ती म्हणाली, नाही अजून.

२५ जून
मी संपलेलो नाही! नवी हरकत, चौदा पानी. मूळ उत्तर (क) हेच कसं न्याय्य, हे सिद्ध केलंय. स्वतःच्या वस्तूची कसली आलीय चोरी? कोणता समाज हे सहन करील? बोलताना माझंच मन पालटलं, इतकं प्रभावी झालंय. बाबा म्हणाले, बोटं दुखतायत. हातानेच लिहून दिली.

३० जून
उत्तर आलं. दोन ओळी. हरकत नामंजूर. "कारणांसाठी अर्जदाराचीच १० जूनची हरकत पाहावी. समितीच्या मते ती अत्यंत मुद्देसूद असून तिला उत्तर नाही."
अत्यंत मुद्देसूद. हे लेखी आहे.

१ जुलै, सकाळी ८.४०
खुंटीवर कोट नाही. ताईला विचारलं. म्हणाली, बाबा टेलरकडे घेऊन गेलेत, खांद्यात कमी करायला.

१ जुलै, संध्याकाळी
दुकानाचा पहिला दिवस. एक गिऱ्हाईक नळ परत घेऊन आलं. म्हणे तुम्ही अर्ध्या इंचाचा दिलात, मी पाऊण इंची मागितला होता. त्याने अर्धाच मागितला होता, मी स्वतः ऐकलं होतं. पावती माझ्या हातात होती. साक्षीदार दोन. बाजू भक्कम.
दाजी बघत होते.
मी म्हटलं, हो.