आईचा वास

प्रिय ताई,

पत्र लिहायचं टाळत होतो, हे आधीच सांगून टाकतो. कागद आणला, पेन आणलं, पेन उमटेना म्हणून दुसरं आणायला निघालो तो थेट नदीवर पोहायलाच गेलो. तू म्हणशील, याचं बूड कधी एका जागी टेकलंय का. आता टेकलंय, तेही गाद्यांवर. हसू नकोस, खोकला येईल.

बोटींना रंग द्यायचं काम सोडलं आणि जुन्या गाद्या फाडायच्या कारखान्यात लागलो. लोकांनी टाकलेल्या गाद्या येतात, आम्ही त्या उभ्या चिरतो, कापूस एकीकडे, स्प्रिंगा दुसरीकडे. कापूस म्हणायचा आपला. पिवळा-काळा, दमट, गोळे गोळे झालेला. वरून फुलाफुलांचं गुलाबी कापड आणि आत बुरशी, केस, नखं, माणसाच्या कातडीचा भुगा. तो भुगा खाऊन जगणारे किडे असतात म्हणे, डोळ्यांना न दिसणारे, आणि त्यांची घाण आपण रात्रभर नाकाने ओढत असतो. हे कळल्यापासून मी फरशीवर चादर टाकून झोपतो. साबणाने कितीही घासले तरी जेवताना हातांना तोच वास. काल भरल्या ताटावरून उठलो. इथली मुकादमबाई मला राजपुत्र म्हणते. राजपुत्रा, तोंडाला फडकं बांध, नाहीतर माझ्यासारखा तुझाही भाता वाजायला लागेल, म्हणते. तुझ्यासारखा तिलाही दमा आहे. तिला धुळीने होतो, इथेच काम करणाऱ्या तिच्या भावाला थंड हवेने. मालकीणबाई अत्तर लावून आल्या की दोघंही मागच्या दाराने पसार. मालक समजतात, कामचुकार आहेत.

तुला मात्र नेमका कशाने होतो ते कुणाला सापडलं नाही. आई गेल्यापासून वाढला, म्हणून सगळे म्हणाले, मनाला लावून घेतलंय. भावोजींनी सिगारेट सोडली, मांजर शेजारी गेलं, रोजचा पंप तू एक दिवस चुकवत नाहीस, तरी गेल्या महिन्यात ऑक्सिजन लावायची पाळी आली. डॉक्टर म्हणाले होते, अजून एकदा असं झालं तर सांगता येत नाही. घरात नवीन काही आणलंय का, असंही त्यांनी विचारलं. तू सांगितलंस, नवीन काही नाही. खोटं नव्हतं ते. आणलं होतं ते घरातलं सगळ्यात जुनं.

ताई, आता जे लिहितो त्याने तू दुखावशील. इथे आलो त्याच आठवड्यात एक गादी चिरली आणि आई समोर येऊन उभी राहिली. तिची गादी तुझ्या खोलीत आणलीस तेव्हा मला हुंगायला लावला होतास ना, तोच वास. बंद कपाटासारखा, जरा गोडसर. मी सुरी टाकून बाहेर जाऊन बसलो. रडलोही. मग दुसरी चिरली, तिलाही आईचा वास. तिसरीलाही. इथल्या प्रत्येक गादीला आईचा वास येतो, ताई. तो बुरशीचा आहे. आजारपणात आईची गादी कितीदा भिजली, उन्हात एकदाही पडली नाही. आईचा स्वतःचा वास शिलाई मशीनच्या तेलाचा होता. तोही आपण विसरून गेलो.

म्हणून लिहितोय. तिच्या अंगाने पडलेल्या खळग्यात तू रोज निजतेस. ती गादी टाक. फाडायला मी येतो, असं लिहिणार होतो, तेवढ्यात कारखान्याच्या फाटकाशी टेम्पो थांबला आणि भावोजी उतरले. कधी गल्ली न सोडणारे भावोजी. मागे दोरीने बांधलेली आईची गादी. दवाखान्यात तू शांत झोपायचीस आणि घरी आल्या रात्रीच पुन्हा सुरू झालं, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं म्हणे. तू कामावर असताना उचलून आणलीय. मला म्हणाले, तू फाड बाबा, मी फाडली तर ही मला जन्मात माफ करायची नाही. मी नाही म्हटलं. तुला न विचारता तिला सुरी लावणार नाही. गादी इथेच राहील, घरी मात्र परत पाठवणार नाही. पत्र त्यांच्याच हाती देतोय. रागाने तुझा दमा वाढतो, म्हणून त्यांना आत घे, पाणी दे, आणि मग काय ते कळव.

तुझाच,
धाकटा